डब्यावर ‘यूएच-१डी, इया द्रांग १९६५’. आतली ह्यूई नक्की कोणती? (१:४८ डाय-कास्ट)

भिंगरी

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या एका संग्राहकाकडून १:४८ मापाची तयार डाय-कास्ट (धातू ओतून बनवलेली) ह्यूई, म्हणजे बेल यूएच-१ हेलिकॉप्टर, घेतली आहे. डबा आधी उघडलेला, पण मॉडेलवर कुठे ओरखडा नाही. ऑलिव्ह ड्रॅब रंग, मागे सरकवलेली दारं, दोन्ही बाजूंना एम-६० मशीनगन धरून बसलेले गनर, स्टँड, आणि ‘मर्यादित आवृत्ती’चं क्रमांक टाकलेलं प्रमाणपत्र. डब्यावर ठळक अक्षरांत: ‘यूएच-१डी, फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजन, इया द्रांग खोरं, नोव्हेंबर १९६५’, म्हणजे व्हिएतनाम युद्धातली लढाई. कंपनीचं नाव मुद्दाम टाळते आहे. मला गाऱ्हाणं मांडायचं नाही, ओळख पटवून घ्यायची आहे.

कारण निरखून पाहिल्यावर तीन गोष्टी खटकल्या. पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) नाकावर नाही, कॉकपिटच्या छतावर आहे. समोरच्या काचेच्या वर मधोमध एक आणि नाकाखाली एक असे दोन अणकुचीदार भाग पुढे आलेले आहेत, ते काय आहेत कळत नाही. आणि शेपटीच्या उभ्या पंखावरचा क्रमांक ‘६१६’ने सुरू होतो.

१९६५ च्या यूएच-१डीवर हे सगळं असू शकतं का? आणि नसेल, तर मॉडेलला हात लावावा की आहे तसं ठेवावं?

रिव्हेटमोज्या

भिंगरीताई, क्रमांकापासून सुरू करू, कारण तिथे वादाला जागाच नाही.

अमेरिकी लष्करी विमानाचा क्रमांक म्हणजे आधी ज्या आर्थिक वर्षात मागणी नोंदवली त्याचे शेवटचे दोन आकडे आणि पुढे धावता क्रमांक. शेपटीवर रंगवताना वर्षातला पहिला आकडा गाळायची रीत होती. म्हणजे तुमचं ‘६१६…’ हे मुळात ६६-१६… झालं, आर्थिक वर्ष १९६६. आता त्या काळी त्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू व्हायचं, म्हणजे १९६६ चं वर्ष जुलै १९६५ लाच लागलं होतं हे खरं. पण मागणी नोंदवणं वेगळं आणि हेलिकॉप्टर तयार होऊन व्हिएतनामच्या मध्य पठारावर पोचणं वेगळं. चार-साडेचार महिन्यांत ते होत नाही. एक ताळा देतो: स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी केंद्रात ‘स्मोकी थ्री’ नावाची ह्यूई ठेवली आहे, क्रमांक ६५-१०१२६. तिची व्हिएतनाममधली सेवा १९६६ ते १९७०. म्हणजे ‘६५’वालीच १९६६ साली पोचली, मग ‘६६’वाली नोव्हेंबर १९६५ मध्ये कुठून येणार?

ते अणकुचीदार भाग म्हणजे तारा कापायचे कातरे. हेलिकॉप्टर जमिनीलगत उडताना विजेच्या किंवा टेलिफोनच्या तारेत अडकलं की खेळ संपला. त्यावर उपाय म्हणून कॅनडाच्या ब्रिस्टल एअरोस्पेसने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही यंत्रणा आणली. तार काचेवरून वर घसरत कातऱ्याच्या फटीत जाते आणि तुटते. खालचा कातरा स्किडच्या (चाकांऐवजी असलेल्या पायनळ्यांच्या) आधी तार पकडतो. अमेरिकी लष्कराच्या ह्यूईंवर ते बसले तेव्हा सायगाव पडून काही वर्षं झाली होती. व्हिएतनामच्या कुठल्याही ह्यूईवर कातरे दिसले की समजायचं, साचा उत्तरकाळातल्या यंत्रावरून बनवला आहे.

पिटो नळीचं म्हणाल तर रूढ ठोकताळा असा की नाकावर असेल तर यूएच-१डी, छतावर असेल तर नंतरची यूएच-१एच. हा पुरावा बाकी दोनांइतका पक्का नाही, पण त्यांच्या जोडीला आला की पुरेसा आहे.

थोडक्यात: साचा यूएच-१एचचा, तोही तिच्या उतारवयातला. त्यावर खुणा मात्र १९६५ च्या छापल्या आहेत.

शांतारस

रिव्हेटमोज्या, तुमच्या नावाला जागलात! पण राव, दोन हातांवरून बघणाऱ्याला यातलं काय दिसतं? ह्यूई ह्यूईसारखी दिसते ना? ती फुगीर केबिन, बारीक होत गेलेली शेपटी, दोन लांब पाती. माझ्याकडे बरीच हेलिकॉप्टरं आहेत आणि त्यातलं एकही मी भिंग लावून तपासलेलं नाही. भिंगरीताई, छान वस्तू आहे, कपाटात ठेवा आणि मजा घ्या.

रिव्हेटमोज्या

शांतारस, नुसतं ‘ह्यूई’ लिहून विकली असती तर मी एक अक्षर बोललो नसतो. इथे डब्यावर युनिट आहे, ठिकाण आहे, महिना आहे. ‘मर्यादित आवृत्ती’चा भाव त्या तीन शब्दांचा आहे. मग तेच तपासायचे नाहीत तर काय तपासायचं? खेळण्याला हा नियम लावू नये हे मान्य. पण प्रमाणपत्रासकट येणारी वस्तू स्वतःहून दावा करते आहे.

खटपट्या

वाचतोय, आणि थोडी भर घालतो. मी तयार मॉडेल घेत नाही, किट (सुट्या भागांचा संच) जोडतो, त्यामुळे ह्यूईचे बी-सी-डी-एच हे प्रकार ओळखायची सवय हाताला लागली आहे.

पहिली गोष्ट फूटपट्टी. डी आणि एचच्या मुख्य रोटरचा व्यास ४८ फूट. १:४८ मध्ये तो बरोबर एक फूट यायला हवा, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. बी आणि सीचा ४४ फूट, म्हणजे ११ इंच. पातं मोजलं की निम्मं काम झालं. (१:७२ मध्ये डी-एचचा रोटर वीस सेंटिमीटरच्या आसपास, १:३५ मध्ये बेचाळीसच्या. १:३५ घेणाऱ्यांनी आधी कपाट मोजावं.)

दुसरं दार. बीच्या सरकत्या दाराला एक खिडकी. डी-एचला केबिन लांब करताना साधारण ४१ इंच वाढवले, दार मोठं झालं, त्याला दोन खिडक्या आल्या आणि सरकत्या दाराच्या पुढे बिजागरीचा एक अरुंद फळीवजा भाग आला. १:४८ वर ४१ इंच म्हणजे दोन सेंटिमीटरहून थोडे जास्त. शेजारी शेजारी ठेवलं तर लांबूनही कळतं.

तिसरं डोक्यावरचं. बी, डी, एच यांच्या रोटरवर पात्यांना काटकोनात एक आडवा दांडा असतो, दोन्ही टोकांना वजन. हा बेलचा स्टॅबिलायझर बार, मूळ कल्पना आर्थर यंग यांची. सीवर तो नाही. तिथे ‘५४०’ नावाचा नवा रोटर आला, पाती २१ ऐवजी २७ इंच रुंद, आणि दांडा गेला. गनशिप (हल्ल्यासाठी शस्त्रसज्ज) सी म्हणून विकलेल्या मॉडेलवर दांडा असेल तर साचा बीचा आहे हे नक्की.

यूएच-१एनचं सांगायची गरज नाही, तिला दोन इंजिनं आहेत. मागे दोन धुराडी शेजारी शेजारी दिसली, नाक लांब दिसलं की झालं.

राहिला डी आणि एच यांतला फरक, आणि तिथेच गोची आहे. सांगाडा जवळपास तोच. खरा फरक आतल्या इंजिनात: लायकमिंग टी-५३ चा एल-११ अवतार ११०० अश्वशक्तीचा, एल-१३ हा १४०० चा. आवरणाखालचं इंजिन मॉडेलमध्ये दिसणार कसं? त्यात अनेक डी नंतर नवं इंजिन बसवून एच झाल्या. आणि जर्मनीत डॉर्नियरने परवान्यावर बनवलेल्यांना नाव यूएच-१डी, इंजिन मात्र एल-१३. त्या २०२१ पर्यंत उडत होत्या. म्हणजे नुसत्या ‘डी’ या अक्षरावरून भांडण्यात अर्थ नाही. भांडायचं असेल तर तारखेवरून भांडा, तिथे रिव्हेटमोज्यांशी सहमत.

भिंगरी, एक करून सांगा: शेपटीकडे उभ्या राहून नाकाच्या दिशेने बघा. नाकावर आलेल्या पात्याची जाड, गोल कडा कुठल्या बाजूला आहे?

भिंगरी

जाड कडा उजवीकडे आहे. का?

खटपट्या

मग पाती उलटी बसली आहेत. :)

अमेरिकी हेलिकॉप्टरांचा रोटर वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. नाकावरचं पातं डावीकडे जात असतं, म्हणून जाड कडा डावीकडे हवी. हब (पाती जोडलेला मधला भाग) स्क्रूने बसवलेला असतो आणि बहुतेक डाय-कास्टमध्ये पाती अलगद निघतात. आधीच्या मालकाने पॅकिंगसाठी काढून परत लावताना उलटं झालं असेल. ही दुरुस्ती मात्र बिनधास्त करा, त्यात ना रंग जातो ना मूल्य.

जुना_फिटर

पात्यांचा विषय निघाला म्हणून बोलतो. ह्यूईवर मी काम केलेलं नाही, माझी नोकरी चेतकवर गेली, म्हणजे मूळची फ्रेंच अलूएत-३. तिचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि पाती तीन. रशियन एमआय-८ पण घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे खटपट्यांचा नियम सरसकट सगळ्या हेलिकॉप्टरांना लावू नका, आधी देश बघा.

ह्यूईचा दोन पात्यांचा रोटर लहान मुलांच्या सीसॉसारखा मधल्या खिळीवर डुलतो: एक पातं वर गेलं की दुसरं खाली. म्हणून उभ्या ह्यूईची पाती कधी कधी एका बाजूला कललेली दिसतात. वाऱ्यात आपटू नयेत म्हणून पाती शेपटीच्या रेषेत आणून मागचं पातं पट्ट्याने शेपटीला बांधतात. मॉडेल कपाटात ठेवताना तसंच ठेवा. खरंही दिसतं आणि जागाही वाचते. चार पात्यांच्या ब्लॅक हॉकला ही सोय नाही, रोटर १६.३६ मीटरचा, म्हणजे १:४८ वर चौतीस सेंटिमीटरचं वर्तुळ कपाटात मोकळं सोडावं लागतं.

आणखी एक, जे मॉडेलवाले नेहमी विसरतात. स्किडच्या आडव्या नळ्या लवचिक असतात. हेलिकॉप्टर जमिनीवर बसलं की वजनाने स्किड बाहेर फाकतात, पोट खाली येतं. उडताना ते आत येतात. डाय-कास्टमध्ये एकच ठरीव आकार असतो, बहुधा अधलामधला. तुमच्याकडे स्टँड आहे तर हवेतच ठेवा. पण मग पाती लोंबती चालणार नाहीत. उडताना पाती वजन पेलतात, त्यामुळे टोकं किंचित वर उचललेली हवीत.

वातकुक्कुट

काका, हे स्किडचं माहीत नव्हतं. आता माझ्या सगळ्या मॉडेलांकडे संशयाने बघतोय.

इया द्रांगबद्दल थोडं, कारण डब्यावरचं नाव मोठं आहे. १४ नोव्हेंबर १९६५ ला सेव्हन्थ कॅव्हलरीच्या पहिल्या बटालियनला, लेफ्टनंट कर्नल हॅल मूर यांच्या तुकडीला, एलझी (उतरायची जागा) एक्स-रे या मोकळवनात ह्यूईंनी उतरवलं. हेलिकॉप्टरं २२९व्या असॉल्ट हेलिकॉप्टर बटालियनची. लढाई पेटल्यावर उतरायची जागा गोळीबाराखाली आली, तरी मेजर ब्रूस क्रँडल दारूगोळा घेऊन जात आणि जखमी घेऊन परतत राहिले. त्या दिवशी त्यांच्या २२ फेऱ्या झाल्या. त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं ते थेट २००७ मध्ये. सोबत उडणाऱ्या एड फ्रीमन यांना २००१ मध्ये.

संग्राहकांच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्या दिवसात क्रँडल यांनी एकापेक्षा जास्त हेलिकॉप्टरं वापरली, कारण आधीची गोळ्यांनी जायबंदी होत होती. म्हणजे ‘क्रँडल यांची ह्यूई’ असं एक ठरावीक यंत्र दाखवणंच मुळात अवघड. कुणी ते नाव छापून एकच शेपूट-क्रमांक विकत असेल तर विचारा, कितव्या फेरीची?

तसाच दुसरा सापळा सायगावच्या छताचा. २९ एप्रिल १९७५ चं ह्यूबर्ट व्हॅन एस यांचं छायाचित्र सगळ्यांना पाठ आहे: गच्चीवरच्या खोलीवर टेकलेलं हेलिकॉप्टर आणि शिडीवर माणसांची रांग. अजूनही कित्येक जण ती अमेरिकी वकिलात समजतात. ती २२, जिया लाँग रस्त्यावरची निवासी इमारत होती आणि हेलिकॉप्टर लष्कराचं नव्हतं, सीआयएच्या एअर अमेरिका या विमान कंपनीचं होतं. त्या प्रसंगाच्या नावाने लष्करी खुणांची ह्यूई दिसली तर डबा खाली ठेवा.

शांतारस

हा मुद्दा मात्र पटला. छायाचित्र समोर असताना चुकीची खूण छापणं म्हणजे आळस.

पण मग वातकुक्कुट, एक सांगा. असे काटेकोर राहिलो तर घ्यायला उरतं काय?

वातकुक्कुट

बरंच उरतं. उलट नेमकं शोधायला लागलं की कमी प्रसिद्ध गोष्टी सापडतात. माझ्या आवडीचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. १८ ऑगस्ट १९६६, लाँग तान. रबराच्या मळ्यात अडकलेल्या कंपनीचा दारूगोळा संपत आला, वर धो धो पाऊस, ढग झाडांना टेकलेले. तशात रॉयल ऑस्ट्रेलियन एअर फोर्सच्या ९ स्क्वॉड्रनच्या दोन ह्यूईंनी झाडांच्या शेंड्यांवरून दारूगोळ्याच्या पेट्या खाली टाकल्या. त्या ह्यूई बी होत्या, म्हणजे आखूड केबिन, एका खिडकीचं दार. डी-एचच्या गर्दीत ती बुटकी बी ठेवून बघा, कपाटाचा चेहरा बदलतो.

मुग्धा_स

सगळे बाहेरून बघताहेत, मी जरा आतलं विचारते. भिंगरी, डबा किती जुना आहे आणि आतलं पॅकिंग कसलं आहे? पिवळट फोम असेल तर तो आजच बाहेर काढ.

हे घाबरवायला नाही सांगत. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत हळूहळू विघटित होतो: आधी पिवळा, मग चिकट, मग भुगा. चिकट झालेला फोम रंगाला धरतो आणि निघताना छपाईसकट निघतो. मऊ पीव्हीसीचे तुकडे, वेष्टनं यांचंही तसंच; त्यातलं प्लॅस्टिसायझर पाझरतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनच्या भागांना खातं. तुझे गनर आणि पाती बहुधा प्लॅस्टिकची आहेत, त्यांना धोका जास्त. आम्लरहित कागदात गुंडाळून ठेव, सोबत सिलिका जेल, आणि उन्हापासून लांब. उन्हाने पारदर्शक काचा आणि डेकल (चिकटवायच्या छापील खुणा) पिवळे पडतात, आणि एकदा पडले की पडले.

दुसरं, धातू. डाय-कास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, ज्याला झमॅक म्हणतात: जस्तात थोडं ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि तांबं. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्त वापरून तो आणला, कारण आधीच्या ओतकामाला एक रोग लागायचा. जस्तात शिशाची अगदी थोडी भेसळ राहिली तरी धातूच्या कणांच्या सीमांवर गंज सुरू होतो, वस्तू फुगते, वाकते, केसाएवढ्या भेगा पडतात आणि शेवटी हातात तुकडे येतात. याला झिंक पेस्ट (इंग्रजी ‘pest’, म्हणजे कीड) म्हणतात. दमटपणाने तो वाढतो. औषध नाही. एकच दिलासा म्हणजे तो संसर्गजन्य नाही. शेजारच्या मॉडेलला लागत नाही, कारण दोष त्या त्या ओतकामातच असतो.

शेपटीच्या सांध्याजवळ आणि स्किडच्या नळ्या पोटाला मिळतात तिथे रंग फुगल्यासारखा दिसतोय का, तेवढं तिरप्या प्रकाशात बघ.

भिंगरी

मुग्धाताई, फोम करडा आहे, अजून कोरडा आहे, पण काढून टाकला. तिरप्या प्रकाशात सगळं गुळगुळीत दिसतंय. शेपटी किंचित डावीकडे कललेली वाटते, मात्र ती सांध्यातच. धातू वाकलेला नाही.

जुना_फिटर काका, पाती सुलट लावली आणि शेपटीच्या रेषेत आणली. फार बरं दिसतंय!

आता मूळ प्रश्न. कातरे काढावेत, क्रमांक बदलावा की नाही?

खटपट्या

करता सगळं येतं. कातरे प्लॅस्टिकचे आणि खाचेत चिकटवलेले असतात, अलगद निघतील. मागे भोकं राहतील ती पुट्टीने भरायची, घासायची. पिटो नळी छतावरून काढून नाकावर नवी बसवायची, सुईचा तुकडा पुरतो. इथवर सोपं.

अवघड आहे रंग जुळवणं. ह्यूईच्या हिरव्यासाठी सगळे फेडरल स्टँडर्ड (अमेरिकी सरकारी रंगसंकेत) ३४०८७ सांगतात. त्यातला पहिला आकडा चमक सांगतो (१ चकचकीत, २ निमचमक, ३ मॅट), दुसरा रंगकुल, ४ म्हणजे हिरवा. पण कारखान्यातली फवारणी आणि तुमच्या बाटलीतला ३४०८७ शेजारी ठेवले की वेगळे दिसतात. त्यात लहान मापावर रंग थोडा फिकट करावा असं मानणारा एक पंथ आहे, आणि कंपनीने तो मानला की नाही हे तुम्हाला कोण सांगणार? ठिगळ दिसेल. मग सगळं हेलिकॉप्टर रंगवावं लागेल, म्हणजे छापलेल्या बाकीच्या खुणाही गेल्या.

क्रमांकाची गोष्ट अजून वाईट. तो डेकल नाही, थेट रंगावर छापलेला आहे. पुसायला द्रावण लावलं की खालचा रंगही येतो.

रिव्हेटमोज्या

माझं मत ऐकून शांतारस यांना आश्चर्य वाटेल: हात लावू नका. ती चूक आता त्या वस्तूचा भाग आहे. प्रमाणपत्रावर क्रमांक आहे, डबा आहे, छपाई मूळची आहे. उद्या तुमच्याकडून घेणारा ‘मूळ अवस्थेतली, चुकीसकट’ म्हणून घेईल. अर्धवट दुरुस्त केलेली ना संग्राहकाची राहते ना मॉडेल बनवणाऱ्याची.

फक्त कपाटातल्या पट्टीवर डब्यावरचं वाक्य उतरवू नका. खरं ते लिहा.

शांतारस

आश्चर्य वाटलंच. म्हणजे इतका वेळ पंचनामा करून शेवटी माझ्याच सल्ल्यावर आलात की, कपाटात ठेवा आणि मजा घ्या!

रिव्हेटमोज्या

पट्टी वगळून. :)

नवखा_उडाणटप्पू

मध्येच विचारतो, माफ करा. पहिलंच मॉडेल घ्यायचं आहे आणि मला ब्लॅक हॉक आवडतं. त्यात काय बघायचं?

खटपट्या

स्वतंत्र धागा काढलात तर बरं, पण एक खूण देतो. ब्लॅक हॉकचा, म्हणजे यूएच-६० चा, शेपटीवरचा रोटर उजव्या बाजूला असतो आणि तो सरळ उभा नसतो, २० अंश कललेला असतो, म्हणजे थोडा वर उचलायचंही काम करतो. घाईत काढलेल्या साच्यात तो सरळ उभा करून टाकतात. मागून बघा, कललेला दिसला तर बाकीचं बघायला हरकत नाही.

जुना_फिटर

मळकटपणाबद्दल कुणी बोललं नाही. भिंगरीताई, मॉडेल आहे तसं ठेवणार असाल तर प्रश्न नाही. पण पुढे कधी किट करून इया द्रांगची ह्यूई बनवलीत, तर सगळीकडे सारखी धूळ फासू नका. व्हिएतनामच्या मध्य पठारावरची माती लाल, जांभ्याची. रोटरच्या वाऱ्याने ती पोटाला, स्किडला आणि शेपटीच्या खालच्या अंगाला बसते. माणसांची चढउतार होते तिथे, दाराच्या उंबऱ्यावर आणि स्किडवर, रंग घासून धातू दिसतो. धुराड्याच्या मागे शेपटीच्या वरच्या अंगावर काजळी. ट्रान्समिशनच्या आवरणाखालून तेलाचे ओघळ खाली उतरलेले. छत मात्र त्या मानाने स्वच्छ, ऊन खाऊन फिकट झालेलं. छताच्या दोन खिडक्यांना हिरवी झाक द्यायला विसरू नका, वरचं ऊन अडवायला ती काच रंगीत असते. कित्येक मॉडेलांत ती नुसती पारदर्शक ठेवलेली असते.

वातकुक्कुट

आणि गनरच्या बंदुका. एम-२३ माउंटवरच्या एम-६०डी ला मागे दस्ता नसतो, दोन्ही हातांनी धरायच्या मुठी असतात. पण सुरुवातीच्या वर्षांत साधी पायदळी एम-६० लवचिक दोरीने दारात टांगून वापरल्याची छायाचित्रंही भरपूर आहेत. १९६५ साठी दोन्ही चालतं, त्यामुळे तिथे रिव्हेटमोज्यांना काही सापडायचं नाही.

भिंगरी

सगळ्यांचे आभार. ठरलं: मॉडेलला हात नाही. पट्टीवर लिहिलं आहे, ‘बेल यूएच-१एच, १:४८. रचना १९८० च्या दशकातली, खुणा इया द्रांग १९६५ च्या’. शांतारस, तुमच्यासाठी पट्टी लहान अक्षरांत केली आहे.

आणि खरी १९६५ ची डी किटमधून बनवायचं मनात आलंय. खटपट्या, सुट्या डेकलचे संच मिळतात त्यात शेपूट-क्रमांक निवडायचा असतो. कुठल्या आकड्यापासून सुरू होणारा घेऊ?

खटपट्या

३ किंवा ४ ने सुरू होणारा, म्हणजे ६३ किंवा ६४ सालच्या मागणीतली डी. शक्य असेल तर त्या क्रमांकाचं छायाचित्र सापडल्याशिवाय डेकल लावू नका. आणि किट घेताना डबा उघडायला मिळाला तर आधी साच्याच्या चौकटीत दोन पिटो नळ्या आहेत का ते बघा. नाकाची आणि छताची अशा दोन्ही दिल्या असतील तर कंपनीला फरक माहीत आहे. डेकल लावायच्या आधी चकचकीत वॉर्निश, नंतर मॅट. नाहीतर कडेला चंदेरी झाक राहते.